शेल वायूच्या विहिरीचं मॉडेल: बार्नेटचं उदाहरण घेऊन, पायरी-पायरीने

३० मार्च २०१८ ला अमेरिकेहून निघालेलं एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, एक जहाज दाभोळच्या टर्मिनलला लागलं. लुइझियानातल्या सबीन पासहून वर्षाला ३५ लाख टन वायू २० वर्षं घ्यायचा, असा करार गेल या सरकारी वायू कंपनीने केला आहे. त्यातली ही पहिली खेप. अमेरिकेत निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी मोठा हिस्सा आता शेल या चिकणमातीपासून बनलेल्या घट्ट खडकातून येतो आणि शेलची विहीर साधारणपणे पहिल्याच वर्षात निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणजे करार वीस वर्षांचा आणि विहीर वर्षभरात दमणारी. या दोन्हींचा हिशोब जुळवायचा, तर एक विहीर आयुष्यभरात किती देईल आणि केव्हा देईल हे सांगता यावं लागतं.

ते सांगणारं मॉडेल लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये स्वतः लिहिता येतं. महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं डिफरन्शियल इक्वेशन आणि थोडा संयम पुरे. उदाहरण म्हणून टेक्सासमधलं बार्नेट शेल घेऊ. कारण सरळ आहे: आधुनिक शेल वायूचा उद्योग इथेच जन्मला. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ मध्ये इथे पहिली विहीर खोदली, १९९७-९८ च्या सुमारास जाड जेलऐवजी पातळ पाण्याने खडक फोडायचं तंत्र जमवलं आणि २००० नंतर आडव्या विहिरींचा सपाटा सुरू झाला. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांचा उत्पादन इतिहास असलेल्या हजारो विहिरी इथे सापडतात. मॉडेल बांधणाऱ्याला याहून मोठं भांडवल नाही.

भूमिती मुद्दाम साधी ठेवा

बार्नेटचा थर साधारण दोन ते अडीच किलोमीटर खोल आहे. त्यात विहीर आडवी वळवून सुमारे हजार मीटर नेतात आणि ठरावीक अंतरावर पाण्याच्या दाबाने उभी फ्रॅक्चरं, म्हणजे भेगा, पाडतात. खडकाची पर्मिएबिलिटी, म्हणजे त्यातून वायू किती सहज वाहतो ते, नॅनोडार्सीत मोजावी लागते. एक नॅनोडार्सी म्हणजे दहाचा उणे एकविसावा घात इतके चौरस मीटर. नेहमीच्या चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत हा खडक लाखो पटींनी घट्ट.

या घट्टपणाचा मॉडेल करणाऱ्याला एक फायदाच होतो. फ्रॅक्चरच्या टोकांपलीकडचा वायू विहिरीच्या आयुष्यात फारसा पोचतच नाही, म्हणून तो सोडून द्यायचा. उरतो तो दोन फ्रॅक्चरांमधला खडकाचा ठोकळा. त्यातला वायू जवळच्या फ्रॅक्चरकडे सरळ रेषेत जातो आणि बरोबर मधल्या पातळीवर प्रवाह शून्य असतो. म्हणजे त्रिमितीतला गुंता सुटून एकाच अक्षावरचा प्रश्न हाती राहिला: एका टोकाला फ्रॅक्चर, दुसऱ्या टोकाला बंद भिंत आणि मध्ये फ्रॅक्चरांच्या अंतराच्या निम्मं अंतर. आपण फ्रॅक्चरांमध्ये ५० मीटर धरू, म्हणजे हे निम्मं अंतर २५ मीटर.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की खडकात नैसर्गिक भेगांचं जाळं असतं, ते का नाही धरलं? असतं, खरं आहे. पण बार्नेटमधल्या त्या भेगा बहुतांशी कॅल्साइट या खनिजाने भरलेल्या सापडतात. ज्या फोडताना उघडल्या असतील त्यांचा परिणाम आपल्या मॉडेलमध्ये पर्मिएबिलिटीच्या आणि फ्रॅक्चरांच्या क्षेत्रफळाच्या आकड्यात मिसळून जातो. पहिल्या मॉडेलमध्ये एवढं पुरतं. दहा अनोळखी आकडे घालून बांधलेलं मॉडेल कुठल्याही विहिरीला बसवता येतं, म्हणूनच ते काही शिकवत नाही.

खडकात वायू किती आहे, ते हातानेच काढा

कोड लिहिण्याआधी एक घनमीटर खडकाचा हिशोब कागदावर करा. बार्नेटला शोभतील असे आकडे घेऊ: दाब २५ मेगापास्कल, तापमान ३६० केल्विन, पोरॉसिटी, म्हणजे खडकातल्या छिद्रांचा वाटा, ५ टक्के आणि छिद्रांचा पाऊण भाग वायूने भरलेला, बाकी पाणी. म्हणजे एक घनमीटर खडकात वायूला जागा ०.०३७५ घनमीटर. या दाबाला मिथेनचा झेड गुणांक (खरा वायू आदर्श वायूपासून किती ढळतो ते सांगणारा आकडा) सुमारे ०.९६ येतो, पृष्ठभागावर आणल्यावर वायू २०० पटींहून थोडा जास्त फुगतो. गुणाकार केला की मोकळा वायू निघतो सुमारे ७.७ घनमीटर.

पण शेलमध्ये वायू छिद्रांत जसा मोकळा असतो, तसाच तो सेंद्रिय पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटूनही बसलेला असतो. त्यासाठी लँगम्युअरचं समीकरण वापरतात: चिकटलेला वायू म्हणजे कमाल क्षमता गुणिले दाब, भागिले दाब अधिक लँगम्युअर दाब (ज्या दाबाला निम्मी क्षमता भरते तो). बार्नेटसाठी टनाला ९६ घनफूट क्षमता आणि ६५० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) लँगम्युअर दाब हे आकडे बरेच जण वापरतात. अमेरिकन टन ९०७ किलोचा असतो, हे रूपांतर करताना विसरू नका. घनमीटरला अडीच टन खडक धरला, तर कमाल क्षमता ७.५ घनमीटर येते आणि २५ मेगापास्कलला त्यातले ६.४ घनमीटर चिकटलेले असतात.

एकूण १४.१ घनमीटर, त्यातला ४५ टक्के चिकटलेला. गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणांत हा आकडा मोठ्या अक्षरात येतो. आता विहिरीचा दाब ३.४५ मेगापास्कल, म्हणजे ५०० पीएसआय ठेवला आणि सगळा खडक त्या दाबापर्यंत रिकामा होऊ दिला, तर काय होतं पाहा. मोकळा वायू ७.७ वरून १.१ वर येतो, म्हणजे ६.६ बाहेर. चिकटलेला ६.४ वरून ३.३ वर येतो, म्हणजे जेमतेम ३.१ बाहेर. साठ्यात ४५ टक्के वाटा असलेला चिकटलेला वायू हाती येणाऱ्या वायूत एक तृतीयांशही भरत नाही, कारण निम्म्याहून जास्त तो शेवटपर्यंत खडकालाच धरून राहतो. जो येतो तोही बहुतेक उशिरा येतो. साठ्याचा आकडा आणि उत्पादनाचा आकडा यांची गल्लत इथूनच सुरू होते.

समीकरण

भौतिकशास्त्र एका वाक्याचं आहे: खडकाच्या प्रत्येक कापात वायू जितका कमी होतो तितकाच त्याच्या सीमेवरून बाहेर जातो आणि तो दाबाच्या उताराच्या प्रमाणात जातो. अडचण एवढीच की वायूची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, आणि झेड गुणांक दोन्ही दाबाबरोबर बदलतात. यावर अल्-हुसैनी, रेमी आणि क्रॉफर्ड यांनी १९६६ मध्ये तोडगा काढला: दाबाऐवजी आभासी दाब वापरायचा. दोन गुणिले दाब, भागिले व्हिस्कॉसिटी आणि झेडचा गुणाकार, या राशीचं शून्यापासून हव्या त्या दाबापर्यंत इंटिग्रेशन म्हणजे आभासी दाब. प्रवाह आता या नव्या राशीच्या उताराच्या सरळ प्रमाणात येतो. सगळी वक्रता साठ्याच्या पदात ढकलली जाते, तिथे ती सांभाळायला सोपी असते.

झेडसाठी ड्रॅनचुक आणि अबू-कासेम यांचं १९७५ चं सूत्र, व्हिस्कॉसिटीसाठी ली, गोन्झालेझ आणि ईकिन यांचं १९६६ चं सूत्र वापरा. दोन्हींची १ ते ३० मेगापास्कलपर्यंत एकदाच कोष्टकं बनवून ठेवा आणि पुढे इंटरपोलेशन करा. दर पावलाला झेड नव्याने सोडवत बसलात तर कोड रखडेल.

आता सगळ्यात कामाची राशी काढू. पर्मिएबिलिटीला वायूची जागा, व्हिस्कॉसिटी आणि संकोच्यता (दाब वाढला की वायू किती आक्रसतो ते) यांच्या गुणाकाराने भागलं की विसरणाचा गुणांक मिळतो. याला आल्फा म्हणू. १०० नॅनोडार्सी पर्मिएबिलिटी, ०.०३७५ जागा, ०.०२ मिलिपास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटी आणि मेगापास्कलमागे ०.०३५ संकोच्यता धरली, तर आल्फा येतो सेकंदाला सुमारे ०.०००००३८ चौरस मीटर. निम्म्या अंतराच्या वर्गाला आल्फाने भागा: ६२५ भागिले आल्फा, म्हणजे साधारण ५ वर्षं. चिकटलेला वायूही मोजला तर ६ च्या जवळ. हा काळ म्हणजे टाऊ. शेजारच्या दोन फ्रॅक्चरांच्या दाबाच्या लाटा मधोमध भेटून एकमेकींना जाणवू लागायला जो काळ लागतो, त्याचा हा अंदाज. फ्रॅक्चरांमधलं अंतर ५० ऐवजी १०० मीटर केलं तर टाऊ चौपट, वीस वर्षांच्या पुढे. फ्रॅक्चरं जवळजवळ पाडण्याकडे उद्योगाचा कल का गेला, ते या एका भागाकारात दिसतं.

अतिसूक्ष्म छिद्रांत वायूचे रेणू भिंतींवर जास्त आपटतात आणि पर्मिएबिलिटी वाढल्यासारखी वाटते, त्याचंही बरंच लिखाण आहे. दहा नॅनोमीटरच्या छिद्रात २५ मेगापास्कलला रेणूची मुक्त धाव अर्ध्या नॅनोमीटरहून कमी येते, तर ३.४५ मेगापास्कलला दोन नॅनोमीटर. म्हणजे परिणाम जाणवतो तो उशिरा आणि फ्रॅक्चरजवळ. माझं मत: सुरुवातीला सोडून द्या. प्रयोगशाळेतून येणाऱ्या पर्मिएबिलिटीच्या आकड्यातच याहून मोठी गफलत असू शकते.

कोड

मूळ स्थिती: सगळीकडे २५ मेगापास्कल. फ्रॅक्चरच्या टोकाला ३.४५ मेगापास्कल कायम, भिंतीच्या टोकाला प्रवाह शून्य.

२५ मीटरचे सारखे कप्पे करू नका. पहिल्या दिवशी दाबाची लाट अर्धा-पाऊण मीटरच आत शिरते, तेव्हा फ्रॅक्चरजवळ बारीक कप्पे हवेत. पहिला ५ सेंटीमीटरचा, पुढचा प्रत्येक ८ टक्क्यांनी मोठा. अशा ४८-५० कप्प्यांत २५ मीटर भरतात. काळाचं पाऊलही तसंच: एका तासापासून सुरू करून हळूहळू वाढवत महिन्यावर नेऊन थांबवा.

प्रत्येक पावलाला इम्प्लिसिट पद्धत वापरा, म्हणजे प्रवाह पावलाच्या शेवटच्या दाबावरून काढा. एक्स्प्लिसिट पद्धतीत पाऊल थोडं मोठं झालं की आकडे उसळतात. प्रत्येक कप्प्यातला वायू आधी केलेल्या घनमीटरच्या हिशोबाप्रमाणे मोजा, मोकळा अधिक चिकटलेला, आणि न्यूटनच्या पद्धतीने तीन-चार फेऱ्यांत सोडवा. मॅट्रिक्स तीन कर्णांचीच असते, थॉमस अल्गोरिदम ती क्षणात सोडवतो.

मग तपासणी. ही टाळली तर पुढचं सगळं व्यर्थ.

- बाहेर आलेला वायू आणि खडकात कमी झालेला वायू यांत लाखात एकापेक्षा जास्त फरक नसावा.
- आल्फा स्थिर ठेवून एकदा चालवा. टाऊइतका काळ लोटल्यावर निघू शकणाऱ्या वायूपैकी ९३ टक्के बाहेर आलेला दिसला पाहिजे. हे उत्तर कागदावर मालिकेने काढता येतं.
- खरे गुणधर्म घालून चालवल्यावर सुरुवातीचा दर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घसरला पाहिजे. दोन्ही अक्षांवर लॉग घेतलेल्या आलेखात उतार उणे अर्धा.
- कप्पे दुप्पट केल्यावर उत्तर हलता कामा नये.

या कोडमधून एकच वक्र बाहेर काढून ठेवायचा: टाऊच्या पटीत काळ आणि त्या काळापर्यंत निघालेल्या वायूचा हिस्सा. शेलचा दाब, तापमान आणि विहिरीचा दाब तोच असेल तोवर हाच वक्र सगळ्या विहिरींना चालतो. प्रत्येक विहिरीसाठी फक्त दोन आकडे बदलतात: एकूण वायू किती, त्याला आपण एम म्हणू, आणि टाऊ किती. टेक्सास विद्यापीठातल्या पात्झेक, मेल आणि मार्डर यांनी २०१३ मध्ये बार्नेटच्या ८,२९४ आडव्या विहिरींना ही कल्पना लावून पाहिली आणि ती टिकली. ज्यांना स्वतः कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी याच पद्धतीवर बेतलेलं ब्लूबॉनेट नावाचं पायथॉन पॅकेज मोफत मिळतं. तरीही एकदा हाताने लिहाच.

डेटा साफ करणं

टेक्सासमध्ये तेल आणि वायूच्या विहिरींची नोंद रेलरोड कमिशन ठेवतं. नाव रेल्वेचं असलं तरी रेल्वेशी त्याचा आता संबंध उरलेला नाही. वायूच्या विहिरींचं उत्पादन महिन्यागणिक, विहीरवार मिळतं. तेलाचं मात्र लीजनुसार, म्हणजे भाडेपट्ट्यावरच्या सगळ्या विहिरींचं एकत्र, येतं, त्यामुळे ज्या भागात तेल जास्त निघतं तिथे हा सराव करू नका.

पहिला महिना बहुधा अर्धाच असतो, तो काढा. त्यानंतरचे दोन-तीन महिनेही फिटमध्ये, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवताना, घेऊ नका. फोडायला वापरलेलं पाणी त्या काळात परत येत असतं, विहिरीच्या तोंडावरचा चोक (प्रवाह आवरणारी झडप) बदलत असतो, आणि फ्रॅक्चरचा दाब कायम असल्याचं आपलं गृहीतक तिथे चालत नाही. महिन्यांचे दिवस वेगळे असतात, म्हणून उत्पादन दिवसावर आणा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं तेव्हा असंख्य विहिरी बंद पडल्या होत्या. त्या महिन्याचा खड्डा खडकाने पाडलेला नाही. एखाद्या विहिरीचं उत्पादन पाच-सहा वर्षांनी एकदम उसळलं तर ती पुन्हा फोडली असण्याची शक्यता जास्त. तिथून पुढचा इतिहास वेगळी विहीर समजा.

मग एकच आलेख काढा: आडव्या अक्षावर महिन्यांचं वर्गमूळ, उभ्यावर आजवर निघालेला एकूण वायू. चांगल्या विहिरीचे ठिपके सरळ रेषेत लागतात. रेषा शून्यातून जात नसेल तर घाबरू नका, ती सुरुवातीच्या पाण्याची करामत आहे. रेषा उजवीकडे खाली वाकायला लागली की समजा, दाबाच्या लाटा भेटल्या.

फिट, आणि त्यातला सापळा

इथे आपण लेखातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी आलो. रेषा सरळ आहे तोवर डेटा फक्त तिचा उतार सांगतो. हा उतार म्हणजे एमला टाऊच्या वर्गमुळाने भागल्यावर येणारी राशी. एम वेगळा आणि टाऊ वेगळा काढायची सोय त्या आकड्यांत नाही. एकाच ताटात दोघं समोरासमोर जेवायला बसले आहेत. मधोमध हात भिडेपर्यंत ताट केवढं आहे ते दोघांनाही कळत नाही, तशी ही गत.

आल्फा स्थिर धरून दोन कल्पित विहिरी घ्या. पहिलीत निघू शकणारा वायू १ एकक आणि टाऊ ५ वर्षं. दुसरीत वायू २ एकक आणि टाऊ २० वर्षं. वर्षाअखेर दोघींनी ०.५० एकक वायू दिलेला असतो. दोन वर्षांनी पहिली ०.७०, दुसरी ०.७१. महिन्याच्या आकड्यांत एवढा फरक सहज बुडून जातो. तिसऱ्या वर्षी ०.८२ आणि ०.८७, आता कुठे शंका यायला लागते. वीस वर्षांनी पहिली १.०० वर थांबलेली असते आणि दुसरी १.८६ वर पोचलेली.

दोन वर्षांच्या डेटावर सॉफ्टवेअरला एम आणि टाऊ दोन्ही शोधायला लावलं तर ते नक्की उत्तर देतं, दशांश चिन्हानंतर चार आकड्यांसकट. त्या उत्तराला किंमत नसते. रेषा वाकलेली नसताना प्रामाणिक उत्तर म्हणजे पल्ला: किमान आकडा काढताना लाटा आजच भेटल्या असं धरा आणि त्यातून येणारा सर्वात लहान टाऊ घ्या, कमाल आकड्यासाठी त्या भागातल्या वाकलेल्या जुन्या विहिरींवरून किंवा पर्मिएबिलिटीच्या मोजमापावरून शक्य तितका मोठा टाऊ घ्या. बार्नेटच्या त्या ८,२९४ विहिरींपैकी वाकलेल्या फक्त २,०५७ निघाल्या होत्या आणि त्यांचा टाऊ साधारण पाच वर्षांच्या आसपास होता. बाकीच्यांसाठी संशोधकांनीही किमान आणि कमाल असेच दोन आकडे दिले.

याच जागी उद्योगातली जुनी सवय घात करते. आर्प्स यांनी १९४५ मध्ये दिलेलं हायपरबोलिक घसरणीचं सूत्र आजही सगळीकडे चालतं. त्यात बी नावाचा घातांक असतो. नेहमीच्या विहिरींत तो ० ते १ मध्ये राहतो. शेलच्या सुरुवातीच्या डेटाला हे सूत्र लावलं की बी २ च्या जवळ निघतो, कारण वर्गमुळाने घसरणारा दर म्हणजेच बी बरोबर २. पण बी १ किंवा त्याहून मोठा असला की सूत्रानुसार विहीर अनंत वायू देते. मग घसरण वर्षाला ५ टक्क्यांवर आली की तिथून एक्स्पोनेन्शियल जोडायची, अशी ठिगळं लावतात. ते ठिगळ कुठे लावायचं हे खडकाच्या टाऊवरून ठरवलं असेल तर ठीक. सोयीचा आकडा मिळावा म्हणून ठरवलं असेल तर तो साठा कागदावरच राहतो.

एमची कागदावरची तपासणीही करून ठेवा. हजार मीटर विहीर, ९० मीटर जाडी, फ्रॅक्चर टोक ते टोक २०० मीटर: १.८ कोटी घनमीटर खडक. वरच्या १४.१ ने गुणलं की २५ कोटी घनमीटर वायू. फिटमधून निघणारा एम याहून बराच लहान आला तर चकित होऊ नका. फ्रॅक्चर उघडं ठेवायला पाण्याबरोबर वाळू घालतात, पण सगळा भाग तिने उघडा राहत नाही. याहून मोठा आला, तर मात्र चूक शोधा. बहुतेक वेळा टाऊ सरळ रेषेतून काढलेला असतो.

एका विहिरीकडून क्षेत्राकडे

क्षेत्राचं उत्पादन काढायचं म्हणजे विहिरींचे वक्र बेरजेला घ्यायचे. सरासरी विहीर घेऊन संख्येने गुणू नका; विहिरींच्या उत्पादनाचं वितरण खूप तिरपं असतं, थोड्या चांगल्या विहिरी बरंच काही ओढून नेतात. चांगल्या जागा आधी खोदल्या जातात, तेव्हा जुन्या विहिरींची सरासरी नव्यांना लावणं म्हणजे फुगवलेला अंदाज. नव्या विहिरी जुन्यांच्या अगदी शेजारी येत असतील तर दोघींचा वायू एकाच ठोकळ्यातून निघतो आणि आपली बंद भिंत मोडते. अशा जोड्या वेगळ्या काढा. बार्नेटमध्ये खोदाई मंदावल्यावर, २०१२ नंतर, क्षेत्राचा आलेख खाली येत गेला. तुमच्या बेरजेतून तो उतार नवा डेटा न घालता निघतो का ते पाहा. याहून कडक परीक्षा नाही.

भारतात हे मॉडेल लावायचं झालं तर अर्धीच वाट चालता येते. ओएनजीसीने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळच्या आरएनएसजी-१ विहिरीत जानेवारी २०११ मध्ये शेलमधून वायू काढून दाखवला. पण हजारो विहिरींचा, वर्षानुवर्षांचा इतिहास इथे नाही. म्हणजे घनमीटरचा हिशोब, आल्फा आणि टाऊ इथपर्यंत दामोदर खोऱ्याचे किंवा खंबातचे स्वतःचे आकडे घालून जाता येईल. त्यापुढे बार्नेटचा टाऊ उसना घेऊ नका: खोली, दाब, सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीचं प्रमाण वेगळं असलं की टाऊही वेगळा.